तीन तारे, तेही खड्यासाठी

इंग्रजी-मराठी शब्दकोशाचं हे अ‍ॅप गेले आठ महिने वापरतेय. भाषांतर हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळे दिवसभर उघडंच असतं. ऑफलाइन चालतं, शब्द पटकन सापडतो, मध्येच जाहिरात नाचत नाही. इथवर तक्रार नाही.

घोडं अडलं ते ‘स्क्रुप्युलसली’वर. एका संस्थेच्या तपासणी अहवालात हा शब्द चारदा आला आणि अ‍ॅपचं उत्तर चारही वेळा एकच: ‘काटेकोरपणे’. नियम काटेकोरपणे पाळले, हे ठीक. पण स्वयंपाकघर ‘काटेकोरपणे स्वच्छ’? अहो, ते लख्ख असतं. खासगी भेटवस्तू घेणं माणूस ‘कटाक्षाने’ टाळतो. आणि खजिनदार ‘स्क्रुप्युलसली ऑनेस्ट’ होते, तिथे मी शेवटी ‘व्यवहाराला अगदी चोख’ लिहून मोकळी झाले.

खरी चिडचिड पुढे झाली. ‘मेटिक्युलसली’लाही तोच प्रतिशब्द! सुबक अक्षरात, तारखा जुळवून, शिक्का सरळ मारून खोटी बिलं बनवणारा माणूस मेटिक्युलस असतो. त्याला स्क्रुप्युलस म्हणता येत नाही, कारण त्या शब्दात बारकाव्यासोबत मनाची टोचणीही आहे. हा फरक कोशाने सांगायचा नाही तर कोणी? ‘अनस्क्रुप्युलसली’ या उलट अर्थाच्या शब्दासाठी तर चक्क ‘अकाटेकोरपणे’ दिलंय. हा शब्द आजवर कोणाच्या तोंडून ऐकलाय? ‘कसलाही विधिनिषेध न बाळगता’ हा तयार प्रयोग मराठीत पडून आहे.

तरी तीन तारे देतेय ते व्युत्पत्तीच्या टॅबसाठी. ‘स्क्रुप्युलस’च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत शिरला की पाऊल टाकू देत नाही, तसला. त्यावरूनच ‘स्क्रूपल’ नावाचं औषधं तोलायचं वजनही आलं: २० ग्रेन, म्हणजे जेमतेम १.३ ग्रॅम. हे वाचलं आणि काटेकोरातला काटाच डोळ्यांपुढे आला. आपला काटा टोचतोही आणि तोलतोही! म्हणजे प्रतिशब्द वाईट नव्हता, सरसकट सगळीकडे चिकटवला होता एवढंच.

‘चूक कळवा’ बटण दोनदा दाबलं. दोन्ही वेळा क्षणात उत्तर आलं, ‘आपल्या सूचनेची काळजीपूर्वक दखल घेतली आहे.’ तीन आठवडे झाले, ‘अकाटेकोरपणे’ जागच्या जागी आहे.