माईक आणि जुन्या आवृत्त्यांची पाने : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या उत्पादनाचे डॉक्युमेंटेशन एमकेडॉक्स (साध्या मजकुरातून वेबपाने बनवणारे साधन), त्याची मटेरिअल थीम आणि माईक यांच्यावर आणून आठ महिने झाले. माईक म्हणजे डॉक्युमेंटेशनच्या अनेक आवृत्त्या एकाच साइटवर शेजारीशेजारी ठेवणारे साधन. मला लिहायचे आहे ते एकाच बाबीबद्दल : जुन्या आवृत्त्यांची पाने गूगलच्या शोधात सर्वांत वर येत राहतात, आणि ती आवरण्याच्या कामी हे साधन कितपत उपयोगी पडते.

तिसऱ्या महिन्यात एका ग्राहकाला बॅकअप परत चढवायचा होता. रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांच्या सिस्टिम ॲडमिननी स्क्रीन शेअर केली, तेव्हा पोस्टग्रेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर सुरूच होत नव्हते. त्यांनी डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.कॉन्फ ही बॅकअप परत चढवण्याच्या सूचनांची फाइल तयार केली होती. २०१९ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १२ पासून ही फाइल रद्द झाली आहे आणि ती नुसती आढळली तरी सर्व्हर सुरू होण्यास नकार देतो. "मॅडम, तुमच्याच मॅन्युअलमध्ये असं करायला सांगितलंय," ते म्हणाले, आणि ते खरेच होते. ॲड्रेस बारमध्ये ३.२ हा जुन्या आवृत्तीचा आकडा होता. त्यांच्याकडे चालू होती ती आमची ५.१. उत्पादनाचे नाव आणि 'बॅकअप रिस्टोअर' एवढेच त्यांनी शोधले होते, आणि पहिला निकाल उघडला होता. ती फाइल हलवून, रिकव्हरी.सिग्नल ही रिकामी फाइल ठेवून आणि रिस्टोअरची कमांड मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये लिहून काम सव्वा तासात झाले. पण सूचना पाळणाऱ्या माणसाचीच अडचण झाली, ही गोष्ट मला फार लागली.

माईकची मूळ भूमिका अशी की एखाद्या आवृत्तीची पाने एकदा तयार झाली की त्यांना पुन्हा हात लावण्याची गरज पडू नये. प्रत्येक आवृत्ती तयार एचटीएमएल म्हणून आपापल्या फोल्डरमध्ये राहते. उद्या एमकेडॉक्स बदलले तरी जुनी पाने मोडत नाहीत. सुरुवातीला मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटला होता. त्या रात्रीनंतर तोच दोष वाटू लागला, कारण 'ही जुनी आवृत्ती आहे' असा मटेरिअलचा बॅनर किंवा कॅनॉनिकल दुवा (या मजकुराचे मुख्य पान कोणते हे गूगलला सांगणारा) आज टेम्पलेटमध्ये घातला, तर तो आजच्या पानांत येतो. आधी बनून बसलेल्या पानांना त्याचा पत्ताच नसतो. ४.० आम्ही पहिल्याच आठवड्यात बॅनरशिवाय चढवली होती, ती जुन्या टॅगवरून, म्हणजे मूळ मजकुराच्या त्या वेळच्या जतन केलेल्या प्रतीवरून, पुन्हा बनवता आली. ३.२ ची पाने मात्र त्याआधीच्या एका सशुल्क साधनाने बनवलेली होती आणि त्याचा परवाना आम्ही खर्च वाचवण्यासाठी पुढे चालू ठेवला नव्हता. ज्या पानांवर इशारा सर्वांत जास्त हवा होता, तीच पाने नव्याने बनवता येत नव्हती.

मग मी घाईत चूक केली. शोधयंत्रांनी काय वाचू नये ते सांगणाऱ्या रोबोट्स.टीएक्सटी या फाइलमध्ये ३.२ चे फोल्डर बंद करून टाकले. पाने निकालांतून गेली नाहीत. फक्त त्यांच्याखालचे वर्णन गेले, आणि साइटची शोधातली स्थिती तिच्या मालकाला दाखवणारे गूगलचे सर्च कन्सोल 'रोबोट्सने अडवलेले, तरीही इंडेक्स केलेले' असे दाखवू लागले. रोबोट्स.टीएक्सटी पान वाचण्यास मनाई करते, निकालात दाखवण्यास नाही. आणि पान वाचताच येत नसेल, तर त्यातली नोइंडेक्सची, म्हणजे 'हे पान निकालांत दाखवू नका' ही, सूचनाही गूगलला दिसत नाही. एका जुन्या लेखात नोइंडेक्स रोबोट्स.टीएक्सटीमध्येच लिहिण्याचा सल्ला होता. गूगलने त्या पद्धतीचा आधार १ सप्टेंबर २०१९ पासून काढून घेतला आहे, तरी तो लेख शोधात अजून वर दिसतो. सर्च कन्सोलमधून पाने तात्पुरती लपवता येतात, पण सुमारे सहा महिन्यांपुरतीच.

उपाय निघाला तो सर्व्हरवर. एका सल्लागाराने या कामासाठी सांगितलेली रक्कम ऐकून मी स्वतःच वाचायला बसले, तेव्हा कळले की नोइंडेक्स पानाच्या आतच असावे लागते असे नाही. एक्स-रोबोट्स-टॅग या हेडरमधूनही, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या माहितीच्या ओळीतूनही, ते देता येते. आमची पाने आमच्याच एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर आहेत. ३.२ च्या पत्त्यासाठी एक लोकेशन ब्लॉक (फक्त त्या पत्त्यापुरत्या सेटिंग्ज) आणि त्यात हेडरची एक ओळ, एवढ्याने एकाही एचटीएमएल फाइलला न शिवता सगळ्या पानांवर सूचना लागली, आणि ज्या इन्स्टॉलेशनच्या पीडीएफमध्ये मेटा टॅग घालताच येत नाही तिच्यावरसुद्धा. गिटहब पेजेस या गिटहबच्या वेबपाने ठेवण्याच्या सेवेवर स्वतःचे हेडर देता येत नाहीत, हे तिथे पाने ठेवणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. शिवाय लोकेशनमध्ये ॲड-हेडर लिहिले की वरच्या पातळीवरचे हेडर त्या ब्लॉकला लागू होत नाहीत. आमचे सुरक्षेचे दोन हेडर असेच गळाले होते, ते तिथे पुन्हा लिहावे लागले. रोबोट्सची मनाई उठवून हे केल्यावर ३.२ ची बहुतेक पाने निकालांतून जायला सुमारे सात आठवडे लागले.

पाने सरळ काढून टाकावीत असे सहकाऱ्यांचे म्हणणे होते आणि काही दिवस मलाही ते पटले होते. आता पटत नाही. ३.२ वापरणारे काही ग्राहक अजून आहेत, त्यांच्या सॉफ्टवेअरमधला मदतीचा दुवा थेट ३.२ च्याच पानावर जातो, आणि तिथले रिकव्हरी.कॉन्फ त्यांच्या पोस्टग्रेससाठी अगदी बरोबर आहे. त्यांच्यापुढे 'पान सापडले नाही' असे चारशेचार यावे हे मला मान्य नाही. माईकबद्दलचे माझे मतही इथेच पुन्हा बदलले : प्रत्येक आवृत्तीचा अंतर्गत शोध स्वतंत्र असल्यामुळे ३.२ मध्ये शोधणाऱ्याला ३.२ चेच उत्तर मिळते, आणि ती पाने आजही जशीच्या तशी उघडतात.

४.० चा सपोर्ट अजून चालू आहे, म्हणून तिला नोइंडेक्स लावलेले नाही. तिच्या पानांचे कॅनॉनिकल दुवे 'लेटेस्ट' या कायम पत्त्याकडे वळवले आहेत. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनला 'करंट' असा कायम पत्ता आहे आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर सगळ्या आवृत्त्यांची ओळ असते. नमुना म्हणून मी तेच डोळ्यांपुढे ठेवले. कॅनॉनिकल ही गूगलला केलेली सूचनाच असते, आज्ञा नव्हे. ४.० आणि ५.१ यांच्यात मजकूर फारसा बदललेला नाही अशा पानांवर ती मानली गेली. लायसन्स सर्व्हरचे प्रकरण आम्ही पूर्ण नव्याने लिहिले आहे, तिथे अजून ४.० चेच पान वर येते. त्या पानाच्या पहिल्या परिच्छेदाआधी मी ५.१ च्या प्रकरणाचा दुवा हाताने घातला आहे, आणि ४.० चा सपोर्ट संपेल त्या दिवशी एन्जिनएक्समध्ये कोणती ओळ वाढवायची हे रिलीजच्या यादीत आत्ताच लिहून ठेवले आहे.