कात्राबाई की सार पास? मुलांच्या पहिल्या मोठ्या ट्रेकसाठी

मार्चमध्ये दहावीचा शेवटचा पेपर होतो आणि घरोघरी बेत शिजायला लागतो, की यंदा पोराला हिमालयात पाठवायचं. कुणाचा तरी भाचा सार पास करून आलेला असतो आणि बर्फावरून घसरतानाचा त्याचा व्हिडिओ सगळ्या नातलगांत फिरलेला असतो. घरात एखादा जुना ट्रेकर मामाही असतोच. त्याचं म्हणणं, आधी सह्याद्रीत चार दिवस चालू दे त्याला. सुट्टी एकच आणि पैसेही एकदाच जाणार, त्यामुळे दोन्ही बाजू नीट बघितलेल्या बऱ्या.

सगळा सह्याद्री विरुद्ध सगळा हिमालय अशी तुलना करण्यात अर्थ नाही, म्हणून मी दोन वाटा धरते. एक, सह्याद्रीतली, अकोले तालुक्यातल्या रतनवाडीहून निघून कात्राबाई खिंडीतून कुमशेत, तिथून पाचनई, मग हरिश्चंद्रगड आणि टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायचं. तीन मुक्काम, चार दिवस. दुसरी, हिमाचलातल्या कसोलहून सार पास. यूथ हॉस्टेल्सवाल्यांची ही जुनी वाट, आता इतरही बरेच जण नेतात. प्रवास सोडून आठवडा ते दहा दिवस. दोन्ही वाटांवर मी मुलांच्या तुकड्यांबरोबर गेले आहे, त्यामुळे माझा कल पुढे दिसेलच.

आधी कॅलेंडर बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो. सार पास मे-जूनमधला ट्रेक आहे, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बसतो. कात्राबाईची वाट दिवाळीपासून जानेवारीपर्यंत सुंदर असते. ओढ्यांत पाणी असतं, गवत पिवळं पडत असतं आणि रात्री स्वेटर लागतो. मे महिन्यात तीच वाट कुणी देऊ केली तर हात जोडा. पाणी आटलेलं, कातळ तापलेला. पावसाळ्यात जायचं तर पन्हाळगड ते पावनखिंड ही मोहीम वेगळीच मजा देते. 1660 च्या जुलैमधल्या त्या रात्रीची वाट जुलैच्याच चिखलातून चालायची, म्हणून मुलं भारावतात. पण तिथे शेकडो लोक एका वेळी चालत असतात. चौदा वर्षांच्या मुलाला रानात चार दिवस काढायला शिकवायचं असेल, तर ती जागा नव्हे.

आता उंची. पालक सगळ्यात जास्त याबद्दलच विचारतात आणि नेमकं चुकीचं विचारतात. "झेपेल का त्याला?" असा प्रश्न येतो. पाय झेपतात हो. या वयाची मुलं आपल्याला मागे टाकून पळतात, आणि अडचण तिथेच आहे. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे साधारण 5,400 फूट. कसोलचा तळच जवळपास तेवढ्या उंचीवर आहे. तिथून ग्रहण गाव, पाद्री, मिंग थाच असे मुक्काम करत नगारूला पोचता तेव्हा झोपायची जागा साडेबारा हजार फुटांवर असते. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून 13,800 फुटांवरची सार पासची खिंड ओलांडायची असते, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरच्या आसपासच वाढवावी, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम आहे. या वाटेचे मुक्काम ढोबळमानाने त्यात बसतात, आणि कसोलला सुरुवातीचा एक दिवस सवयीच्या चालीत आणि दोरावरच्या सरावात जातो. आखणी वाईट नाहीच. पण विरळ हवेचा त्रास तब्येत बघून होत नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोरालाही होतो.

माझ्या एका तुकडीत नववीतला एक मुलगा होता, सगळ्यांच्या पुढे चालणारा. मिंग थाचला तो जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, भूक नाही. रात्री त्याच्या तंबूतल्या मित्राने येऊन सांगितलं, की त्याचं डोकं दुपारपासून फुटतंय, पण खाली पाठवतील म्हणून तो बोलत नाहीये. सकाळी त्याला एका माणसाबरोबर खाली धाडलं. ग्रहणला पोचेपर्यंत तो हिंडूफिरू लागला होता. मोठी माणसं कुरकुरतात, मुलं लपवतात. म्हणून हिमालयात पाठवण्याआधी मुलाला एवढं नक्की सांगा, की डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच बोलायचं, आणि परत यावं लागलं तरी घरी कुणी हसणार नाही. हे दुसरं वाक्य मनापासून म्हणता येत नसेल, तर यंदा पाठवू नका.

सह्याद्रीत विरळ हवेची भीती नाही, पण म्हणून तो सोपा ठरत नाही. तिथली संकटं वेगळी. वाट चुकणं हे पहिलं. कात्राबाईच्या रानात गुरांच्या वाटा इतक्या फुटतात, की वाटाड्या नसेल तर जुने ट्रेकरही गोल फिरून परत त्याच झाडाशी येतात. दुसरं, पाणी कमी पिणं. तिसरं मधमाश्यांचं. किल्ल्यांच्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि अत्तराचा वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. या वयाची मुलं अंगावर अर्धी बाटली डिओ मारून निघतात, ती आधी काढून घ्या. चौथं, दरीच्या काठावरचे फोटो. रतनगडाच्या शिड्यांपेक्षा मला हरिश्चंद्रगडावरच्या कोकणकड्याच्या काठाची धास्ती जास्त वाटते.

एक फरक मात्र मोठा आहे. कुमशेत किंवा पाचनईत कुणाचा पाय मुरगळला, तर गावापर्यंत गाडी येते आणि राजूर किंवा अकोले गावी नेता येतं. पुण्या-मुंबईचे आईबाप त्याच दिवशी पोचू शकतात. नगारूहून खाली यायचं म्हणजे कुणाच्या तरी पाठीवर किंवा स्वतःच्या पायांवर. फोन लागत नाही. आपण घरी बसून काही करू शकत नाही, हे आधीच पचवायला हवं. काही घरांना ते पचत नाही आणि त्यात लाज नाही.

मूल तिथे करतं काय, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सार पासला तळापासून शेवटच्या मुक्कामापर्यंत तंबू लागलेले असतात. पोचलं की चहा मिळतो, संध्याकाळी सूप, रात्री गरम जेवण आणि झोपताना बोर्नव्हिटा. शेकोटीच्या कार्यक्रमात शेकोटी पेटवत नाहीत, गाणी मात्र होतात. मुलाला चालायचं असतं, थंडी सोसायची असते आणि चाळीसएक अनोळखी लोकांत मिसळायचं असतं. हे शेवटचं काम हलकं नाही. घरात तोंड न उघडणारी मुलं तिथून परतल्यावर केरळच्या मित्राशी फोनवर तासभर हिंदीत गप्पा मारताना मी पाहिली आहेत. कात्राबाईला बारा-पंधरा जणांचा गट असेल आणि नेता बरा असेल, तर मुलं तंबू लावतात, पाणी भरतात, खिचडी करपवतात आणि करपलेलीच खातात. पाचनईत एखाद्या घरी तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळतो. चुलीपाशी बसून त्या घरच्या पोरांशी गप्पा होतात, आणि त्यांना शाळेसाठी रोज किती चालावं लागतं हेही कळतं. हे सगळं गटाच्या नेत्यावर मात्र अवलंबून आहे. पन्नास जणांची बस भरून नेणारा आयोजक असेल, तर कात्राबाईची सहल होते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आडून न विचारता थेट विचारा. गटात बाई नेता आहे का, शौचाची सोय काय, पाळी आली तर वापरलेल्या पॅडचं काय करायचं. हिमालयातल्या मोठ्या आयोजकांकडे शौचाचे तंबू असतात. सह्याद्रीत गावातल्या घरी सोय होते, रानात आडोसा. उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडे मुलगी पाठवू नये, असं माझं सरळ मत आहे.

आयोजकाला आणखीही विचारा. शेपटाला, म्हणजे सगळ्यांच्या मागे, कोण चालतं? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणी घेतलंय? मागे फिरायचं ठरवण्याचा अधिकार कुणाचा? महाराष्ट्रात 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तेव्हा नोंदणी मागून बघा. गडावर मुक्कामाला आणि अभयारण्यात राहायला परवानगी आहे का, तेही. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात येतो. "बघू तिथे गेल्यावर" हे उत्तर मला चालत नाही.

तिसरा पर्यायही कुणी सुचवेल, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणचा साहस शिबिराचा. संस्था 1965 पासूनची आहे आणि शिस्त कडक. मुलाला गिर्यारोहणातच पुढे जायचं असेल तर उत्तम, नुसती चव घ्यायची असेल तर थोडं जड.

मला विचाराल तर डिसेंबरात कात्राबाई आणि तिथे मूल रमलं तर मेमध्ये सार पास. उलट क्रमाने पाठवलेली मुलं सह्याद्रीला "बर्फ नाही" म्हणून नावं ठेवतात, हा माझा अनुभव. पण दहावी नुकतीच झालेली असेल, मूल मोकळं बोलणारं असेल आणि एक-दोन रात्री तंबूत काढलेली असतील, तर थेट सार पासला पाठवायला माझी हरकत नाही. उलट घरापासून कधीच लांब न राहिलेल्या मुलाला पहिल्याच फटक्यात दोन दिवसांच्या रेल्वे-बस प्रवासापलीकडे, फोन न लागणाऱ्या जागी धाडणं मला जमणार नाही, मग तो शाळेच्या संघात कितीही पळत असो.

खर्चाची बेरीज करताना हिमालयाच्या शुल्कापुढे रेल्वे, जाकीट, हातमोजे आणि बूट हे आकडे लिहायला विसरू नका. जाकीट कुणाकडून तरी उसनं मिळतं. बूट मात्र स्वतःचे हवेत आणि निघण्याआधी महिनाभर वापरलेले. डिसेंबरात घेतलेले असतील तर एप्रिलमध्ये जाड मोजे चढवून पुन्हा घालायला लावा. या वयात चार महिन्यांतही पाय वाढू शकतो, आणि ते कळायची जागा सार पासचा उतार नव्हे.