बायकांचा साजशृंगार: वेचेल्लिओ पाहावा की होलार?
युरोपातल्या जुन्या छापचित्रांत बायकांची वेशभूषा पाहायची तर माझ्यासमोर दोघे उभे राहतात: व्हेनिसचा चेझारे वेचेल्लिओ (१५९०) आणि प्रागहून लंडनला आलेला वेन्स्लाउस होलार (१६४० चं दशक).

वेचेल्लिओचे लाकडी ठसे जाड रेघांचे. रेशीम कुठलं, लोकर कुठली, हे त्यांत उमगत नाही. रीत मात्र नेमकी कळते. केस सोनेरी करणारी त्याची बाई छपरावरच्या लाकडी माचीवर भर उन्हात बसली आहे. टोपीला नुसता रुंद काठ, वरचा भाग नाहीच. त्यातून बाहेर काढलेले केस काठावर पसरलेत आणि काडीला बांधलेल्या स्पंजने ती ते भिजवते आहे. चेहरा सावलीत, केस उन्हात. काय युक्ती!

होलारचं तांब्याच्या पत्र्यावरचं काम बघताना बोट फिरवावंसं वाटतं. १६४३ च्या त्याच्या ‘हिवाळ्या’त मुखवटा घातलेली बाई आहे, मागे लंडनचा कॉर्नहिल रस्ता, तिच्या फरची लव जाणवते.

कापडाचा पोत हवा तर होलार. माझी पसंती वेचेल्लिओला, कारण तो चित्रासोबत वर्णनही देतो. फक्त दूरदेशीचे पोशाख त्याने ऐकीव माहितीवर काढलेत, तिथे त्याच्यावर विसंबू नये.