‘हे युद्ध नको’ म्हणणाऱ्याला खिडकी नाही: अमेरिकी लष्कराच्या विवेकाधारित आक्षेप प्रक्रियेचे परीक्षण

अमेरिकेत १९७३ साली सक्तीची भरती बंद झाली आणि तेव्हापासून तिथला प्रत्येक सैनिक स्वतःच्या सहीने सैन्यात येतो. सही करताना जे मान्य होते ते पुढे मनाला पटेनासे झाले आणि युद्धावर जाणे विवेकाशी प्रतारणा वाटू लागले, तर अशा सैनिकासाठी तिथल्या संरक्षण विभागाने अर्ज, मुलाखती, चौकशी आणि निर्णय अशी रीतसर व्यवस्था ठेवली आहे. अशा सैनिकाला विवेकाधारित आक्षेपक म्हणतात. विभागाची १३००.०६ क्रमांकाची सूचना आणि भूदलाची ६००-४३ क्रमांकाची नियमावली हे तिचे दोन मुख्य दस्तऐवज होत. या व्यवस्थेचे परीक्षण मी कोणत्याही सार्वजनिक सेवेचे करावे तसेच करणार आहे: ती कोणासाठी आहे, अर्जदाराकडून काय मागते, किती वेळ घेते आणि शेवटी त्याच्या हाती काय देते. परीक्षणाचा आधार नियम, न्यायनिर्णय आणि प्रसिद्ध झालेली प्रकरणे एवढाच आहे.

या व्यवस्थेतून अर्जदाराला दोनपैकी एक गोष्ट मिळू शकते. ‘१-ओ’ हा दर्जा मिळाला तर सैनिकाला सेवेतून मुक्त केले जाते. ‘१-ए-ओ’ मिळाला तर तो सैन्यातच राहतो, पण त्याला शस्त्राविना करता येणारे काम दिले जाते. पात्रतेची व्याख्या आखूड असली तरी तिच्यातला प्रत्येक शब्द तोलून घातलेला आहे. कोणत्याही स्वरूपाच्या युद्धात भाग घेण्यास किंवा शस्त्र धारण करण्यास अर्जदाराचा ठाम, स्थिर आणि प्रामाणिक विरोध असला पाहिजे, आणि तो धार्मिक शिकवणुकीतून किंवा श्रद्धेतून आलेला असला पाहिजे. श्रद्धेचा अर्थ इथे देवावरील विश्वासापुरता उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६५ च्या सीगर आणि १९७० च्या वेल्श या निकालांनंतर धर्माइतक्याच खोलवर रुजलेल्या नैतिक धारणाही ग्राह्य धरल्या जातात. राजकीय मत, सरकारी धोरणाला विरोध किंवा सोयीचा विचार मात्र चालत नाही. इथपर्यंत या व्यवस्थेचे कौतुकच करायला हवे, कारण सैन्यासारख्या आज्ञापालनावर उभ्या असलेल्या संस्थेने आपल्याच माणसाला ‘माझे मन बदलले’ असे म्हणण्याची सोय ठेवणे ही साधी गोष्ट नाही.

अर्जातले प्रश्नही मला विचारपूर्वक घातलेले वाटले. धारणा नेमकी काय आहे, ती कशी घडत गेली, ती सैनिकी सेवेशी केव्हा आणि का विसंगत ठरली, बळाचा वापर कोणत्या परिस्थितीत योग्य वाटतो, दैनंदिन आयुष्यात काय बदल झाला आणि या धारणेची खोली कशातून सर्वांत स्पष्ट दिसते, अशी सविस्तर लेखी उत्तरे द्यावी लागतात. भरतीच्या अर्जातच ‘आपण विवेकाधारित आक्षेपक आहात किंवा होतात काय’ असा प्रश्न असतो आणि त्याला ‘नाही’ असे उत्तर देऊनच माणूस आत आलेला असतो. त्यामुळे मत आत आल्यानंतर पक्के झाले हे त्याला दाखवावेच लागते. अडचण एवढीच की हे सारे विशीतल्या, अनेकदा शाळेतून थेट बराकीत आलेल्या शिपायाने लिहायचे असते. ज्याला लिहिता येते त्याचा विवेक इथे ठळक दिसतो आणि ज्याला येत नाही त्याचा फिका पडतो. परीक्षा प्रामाणिकपणाची म्हणावी की निबंधाची, अशी शंका मला हे प्रश्न वाचताना पुन्हा पुन्हा आली.

अर्जानंतर मुलाखती होतात. सैन्यातील धर्मगुरू अर्जदाराच्या प्रामाणिकपणावर मत देतो, मानसोपचारतज्ज्ञ त्याची मानसिक स्थिती तपासतो आणि त्याच्या आदेशसाखळीबाहेरचा चौकशी अधिकारी अनौपचारिक सुनावणी घेतो. सुनावणीला साक्षीदार आणता येतात आणि वकीलही आणता येतो, मात्र वकिलाचा खर्च अर्जदाराचा. धर्मगुरूशी झालेले हे बोलणे गोपनीय राहत नाही, हे अर्जदाराने विसरू नये, कारण एरवी त्याच धर्मगुरूपाशी मन मोकळे करण्याची सैनिकाला सवय असते. आपली बाजू स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करण्याचा भार पूर्णपणे अर्जदारावर असतो. शिफारशी एकेक पायरी चढत वर जातात आणि सेवामुक्तीचा अंतिम निर्णय बहुधा अशी माणसे घेतात ज्यांनी अर्जदाराला कधी पाहिलेले नसते. अर्ज फेटाळला गेला तर नागरी न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे आपल्याला बेकायदा अडकवून ठेवले आहे असा दावा करण्याचा, मार्ग खुला आहे, आणि कोर्ट-मार्शल प्रलंबित असले तरी त्या न्यायालयाने थांबून राहण्याचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या पॅरिसी खटल्यात सांगितले. परंतु न्यायालय तिथे नव्याने मत बनवत नाही. नकाराला नोंदीत काही तथ्याचा आधार आहे की नाही एवढेच ते पाहते, आणि इतका आधार बहुतेक फायलींत सापडतोच.

वेळेच्या बाबतीत ही सेवा कमी पडते, आणि माझी मुख्य तक्रार याच ठिकाणी सुरू होते. काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकी संसदेसाठी, काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या २००७ च्या अहवालानुसार २००२ ते २००६ या पाच वर्षांत सर्व दलांनी मिळून ४२५ अर्जांवर प्रक्रिया केली. त्यांपैकी २२४ मंजूर झाले, १८८ नाकारले गेले आणि एका अर्जाला सरासरी सुमारे सात महिने लागले. मंजुरीचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे, हे वाईट म्हणता येणार नाही. पण अर्ज दाखल झाल्याने तैनाती थांबत नाही. अर्जदाराला शक्यतो त्याच्या धारणेशी कमीत कमी विसंगत असे काम द्यावे, असे नियम म्हणतात, आणि त्याच वेळी त्याने बाकीचे सर्व आदेश पाळलेच पाहिजेत असेही म्हणतात. तुकडी युद्धावर निघाली तर अर्जदारही तिच्याबरोबर निघतो. ज्या गोष्टीतून सुटका मागायची तीच गोष्ट निकाल लागेपर्यंत करत राहायची, हा या सेवेचा सर्वांत मोठा दोष आहे.

ऑगस्टिन अग्वायो या भूदलातील वैद्यकीय सहायकाचे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. त्याने २००४ मध्ये अर्ज केला, अर्ज प्रलंबित असतानाच तो तुकडीबरोबर इराकमध्ये गेला आणि तिथे बंदूक न भरता त्याने आपली मुदत पार पाडली. अर्ज नाकारला गेला तेव्हा तो न्यायालयात गेला. २००६ मध्ये तुकडी पुन्हा इराकला निघाली त्या वेळी तो तिच्याबरोबर गेला नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने नकार कायम ठेवला आणि मार्चमध्ये कोर्ट-मार्शलने पलायन व तुकडीची रवानगी चुकवणे या गुन्ह्यांसाठी त्याला आठ महिन्यांची शिक्षा दिली. त्याने व्यवस्थेला वळसा घातला नव्हता. ती सांगेल त्या क्रमाने तो गेला, आणि तरीही तुरुंगात पोहोचला.

दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे, कारण ती अंमलबजावणीतली नसून रचनेतलीच आहे. ‘मला सगळीच युद्धे अमान्य आहेत’ असे म्हणणाऱ्याला इथे जागा आहे. ‘मला हे युद्ध अमान्य आहे’ असे म्हणणाऱ्याला नाही. व्हिएतनामला जाण्याचा हुकूम आल्यावर लुई नेग्रे या कॅथलिक सैनिकाने सेवामुक्ती मागितली. न्याय्य युद्ध आणि अन्याय्य युद्ध यांत भेद करण्यास त्याच्या चर्चनेच त्याला शिकवले होते आणि व्हिएतनामचे युद्ध त्याला अन्याय्य वाटत होते. जिलेट या दुसऱ्या आक्षेपकाच्या खटल्याबरोबर त्याचाही निकाल मार्च १९७१ मध्ये लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्याची मागणी फेटाळली. एका विशिष्ट युद्धाला असलेला विरोध राजकीय मतापासून वेगळा काढणे अवघड आहे आणि तसे करू गेल्यास निर्णय मनमानी होण्याचा धोका आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. या युक्तिवादात प्रशासकीय शहाणपण आहे, हे मी नाकारत नाही. तरी त्याचा परिणाम विचित्र होतो. कोणते युद्ध योग्य आणि कोणते अयोग्य याचा जो सैनिक सर्वांत काटेकोर विचार करतो, त्याचाच विवेक या खिडकीवर अपात्र ठरतो. एकमेव विरोधी मत न्यायमूर्ती डग्लस यांचे होते आणि मला ते अधिक पटते.

‘आदेशच बेकायदा आहे’ असे म्हणून तैनाती नाकारण्याची वाट प्रत्यक्षात याहूनही अरुंद आहे. मायकेल न्यू या शिपायाने १९९५ मध्ये मॅसिडोनियातील संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेची चिन्हे गणवेशावर लावण्यास नकार दिला. तैनातीच्या वैधतेचा प्रश्न राजकीय आहे आणि तो न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, अशीच भूमिका लष्करी न्यायालयांनी घेतली, आणि त्याची शिक्षा २००१ मध्ये कायम झाली. निःशस्त्रावर गोळी झाडण्यासारखा उघड बेकायदा हुकूम नाकारण्याचे कर्तव्य सैनिकावर आहे. संपूर्ण युद्धच बेकायदा ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.

तुलनेसाठी दोनच देश घेतो. जर्मनीच्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेच्या, चौथ्या अनुच्छेदाने सशस्त्र युद्धसेवा विवेकाविरुद्ध कोणावरही लादता येणार नाही, अशी थेट हमी दिली आहे, आणि ती स्वेच्छेने सैनिक झालेल्यालाही लागू पडते. शिवाय २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने इराक युद्धाला हातभार लागेल या भीतीने एका संगणक प्रकल्पावर काम न करणाऱ्या मेजरची बाजू उचलून धरली, म्हणजे विशिष्ट युद्धाचा आक्षेपही ऐकता येतो. ब्रिटनमध्ये अर्ज फेटाळला गेल्यास एका स्वतंत्र सल्लागार समितीकडे दाद मागता येते. पण नौदलातील वैद्यकीय सहायक मायकेल लायन्स याला तिथेही यश आले नाही, आणि रायफल प्रशिक्षण नाकारल्याबद्दल २०११ मध्ये त्याला सात महिन्यांची शिक्षा झाली.

अमेरिकी व्यवस्थेत दोन बदल तातडीने व्हावेत असे मला वाटते. अर्ज प्रथमदर्शनी प्रामाणिक दिसत असेल तर निकालापर्यंत तैनाती स्थगित राहावी. वर्षाला शंभराच्या आतबाहेर येणाऱ्या अर्जांमुळे इतक्या मोठ्या सैन्याचे काही अडणार नाही. आणि अंतिम निर्णय देणाऱ्याने अर्जदाराला एकदा तरी समोर बसवावे. विशिष्ट युद्धाच्या आक्षेपाला मान्यता मिळणे हा मोठा बदल ठरेल, आणि तो संसदेनेच करायला हवा.

सध्याच्या स्थितीत ही सेवा वापरू पाहणाऱ्याने तैनातीचा हुकूम येण्याची वाट पाहू नये. हुकुमानंतर आलेला अर्ज केवळ वेळेमुळे खोटा ठरत नाही, पण संशय मात्र ओढवून घेतो. अर्ज लिहिण्यापूर्वी १९४० पासून या कामात असलेल्या सेंटर ऑन कॉन्शन्स अँड वॉरसारख्या संस्थेशी बोलावे. भरतीच्या वेळी मिळालेला बोनस किंवा शिक्षणाचा खर्च परत मागितला जाऊ शकतो, याचाही हिशेब आधीच करावा. आणि निकाल हाती येईपर्यंत गणवेश, कर्तव्य किंवा कायदेशीर आदेश नाकारू नये, कारण तसे करून सेवामुक्त झालेल्या आक्षेपकाला माजी सैनिकांच्या सवलती मिळत नाहीत, अशी संघराज्याच्या कायद्यातच तरतूद आहे.