सेन्नाच्या सहीची टोपी

ज्याने आम्हाला फसवलं, त्याला रोलंड रॅट्झेनबर्गर माहीत होता. आम्ही फसलो ते तिथेच.

आयर्टन सेन्ना हा ब्राझीलचा फॉर्म्युला वन मोटार शर्यतीचा ड्रायव्हर, १ मे १९९४ ला इटलीत इमोलाच्या शर्यतीत अपघातात गेला. त्याचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. पण त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी ३० एप्रिलला, तिथेच पात्रता फेरीत रॅट्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर गेला होता, आणि रविवारी अपघातानंतर सेन्नाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला, हे सहसा कुणाला माहीत नसतं. जिंकल्यावर तो झेंडा फडकवायचा त्याच्या मनात होतं. हे ज्याला ठाऊक आहे आणि सांगताना ज्याचा आवाज भरून येतो, तो आपलाच माणूस, असं आम्ही धरून चाललो.

मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका कारखान्यात टूलरूमला इन्स्पेक्शनचं काम करतो. वडीलही वाळूजलाच फिटर होते. मी तेरा वर्षांचा असताना त्यांनीच पेपरातली आतल्या पानावरची बातमी मला वाचून दाखवली होती. औरंगपुऱ्याच्या फूटपाथवरून जुन्या मासिकातलं एक रंगीत पान मी घेतलं होतं, सेन्नाची लाल-पांढरी मॅक्लारेन गाडी आणि पिवळं हेल्मेट. ते भिंतीवर लावलेलं होतं. बातमी वाचून झाल्यावर वडील त्या पानाकडे बघत म्हणाले, "चौतीस वर्षांचं पोरगं रे." बास, एवढंच. पण ते माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही.

आमच्यासारखे सात-आठ जण आहेत. जालन्याचा एक, लातूरचे एक काका, पैठणचे दोघं, बाकी शहरातले. एक मेला महाराष्ट्र दिन, कामगार दिन, सगळ्यांनाच सुट्टी. म्हणून दरवर्षी त्या दिवशी चिकलठाण्याला एका मित्राच्या गॅरेजमध्ये जमतो. फोटोला झेंडूचा हार घालतो. अपघात झाला तेव्हा इमोलाला दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती, म्हणजे आपल्याकडचे पाच सत्तेचाळीस. त्या वेळेला सगळे उभे राहतो. सातव्या फेरीला टॅम्बुरेलोच्या वळणावर त्याची विल्यम्स गाडी वळलीच नाही, सरळ भिंतीवर गेली. ब्राझीलने तीन दिवसांचा दुखवटा पाळला. लोक विचारतात, तो तुमचा कोण लागत होता? ज्याला हे विचारावं लागतं त्याला उत्तर देऊन उपयोग नसतो.

२०२४ ला तीस वर्षं होणार होती. फेब्रुवारीत आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाच्या तरी ओळखीने हा माणूस आला. म्हणाला, "दादा, मी बी आपल्याच मातीतला, अंबाजोगाईकडचा. पोटापाण्यासाठी ब्राझीलला साव पावलोत हाय. सेन्नाच्या समाधीवर जाऊन येतो अधूनमधून." पुढचा महिनाभर त्याने एक रुपया मागितला नाही. रोज रात्री व्हॉइस मेसेज यायचा. १९९३ ला डॉनिंग्टनला पावसात पाचव्या नंबरवरून पहिल्याच फेरीत सेन्ना पुढे कसा निघाला, मोनॅकोला सहा वेळा कसा जिंकला. सगळं बरोबर. आम्ही जेवणं आटोपून त्याच्या मेसेजची वाट बघायला लागलो होतो.

मार्चअखेरीला म्हणाला, तिथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे सेन्नाच्या निळ्या टोप्या आहेत, 'नासिओनाल' ह्या त्याच्या प्रायोजक बँकेचं नाव लिहिलेल्या, १९९४ च्या, सही केलेल्या. चारच आहेत. आणि निम्मे पैसे सेन्नाच्या बहिणीने काढलेल्या संस्थेला, पोरांच्या शिक्षणाला जाणार. संस्था खरी आहे, १९९४ पासून ब्राझीलमध्ये काम करते, मी शोधून पाहिलं. माझी तपासणी तिथेच संपली. त्या संस्थेचा ह्या माणसाशी काडीचा संबंध नव्हता आणि ते मी विचारलंच नाही.

बुकिंगचे पाच हजार. मग साडेसत्तावीस हजार. मग टोपी कस्टममध्ये अडकली म्हणून सहा हजार चारशे. मग विम्याचे तीन हजार दोनशे, "हे परत येतात, दादा." एकूण बेचाळीस हजार शंभर. मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी बाजूला ठेवले होते त्यातले. दर वेळी यूपीआयवर नाव वेगळं यायचं, कधी पुतण्याचं, कधी मित्राच्या दुकानाचं. बायको म्हणाली, "अहो, ब्राझीलच्या माणसाला द्यायचे पैसे इथल्या पोरांच्या खात्यात कशाला चाललेत?" मी म्हणालो, तिकडे पाठवायला वेळ लागतो. हे उत्तर मला त्यानेच दिलं होतं, मी फक्त तिला ऐकवलं.

२७ एप्रिलला पार्सल आलं. ब्राझीलचं तिकीट नाही, शिक्का नाही. इथल्याच कुरिअरची चिठ्ठी, पाठवणाऱ्याचा पिन कोड ११० ने सुरू होणारा, म्हणजे दिल्ली. विचारलं तर म्हणाला, कस्टममधून तिथेच सुटलं. टोपी हातात घेतली आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. देवघराशेजारी ठेवली.

एक मेला मी टोपी घेऊन गेलो. लातूरचे काका त्यांची घेऊन आले होते. फोटोपुढे दोन्ही टोप्या शेजारी शेजारी ठेवल्या, हार घातला, पाच सत्तेचाळीसला उभे राहिलो. डोळे उघडले तर समोर दोन सह्या. माझं सगळं आयुष्य दोन वस्तूंमधला फरक शोधण्यात गेलंय. त्या दोन सह्यांमध्ये मला फरक दिसेना. शेवटच्या अक्षराची शेपटी दोन्हीकडे सारखीच वळलेली, मध्ये एका जागी रेघ तुटली होती ती दोन्हीकडे त्याच जागी. त्या दिवशी कुणालाच काही बोललो नाही. काका टोपी रुमालात गुंडाळून परत नेत होते, पण मी ती मागून घेतली. म्हणालो, दोन दिवसांनी देतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारून दोन्ही सह्यांचे ट्रेसिंग प्रोफाइल प्रोजेक्टरवर घेतले. हे यंत्र पार्टची सावली दहापट मोठी करून पडद्यावर टाकतं. एकावर एक ठेवले. तंतोतंत बसले. माणसाच्या हातून अशा दोन सह्या होत नाहीत, माझी स्वतःची पगाराच्या दोन कागदांवरची जुळत नाही. शिक्का होता तो. भिंगाखाली पाहिलं तर शाई शिवणीच्या खाचेत उतरलेलीच नाही, वरच्या वर बसलेली. शेवटी आतली घामपट्टी उलटवली. पांढरं लेबल, धुण्याच्या खुणा आणि खाली 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू'ने सुरू होणारा पत्ता. १९९४ च्या टोपीला वेबसाइट कुठून आली? हे लेबल पाच दिवस माझ्या देवघराशेजारी होतं.

त्याच दुपारी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. चार खात्यांपैकी एका खात्यात थोडी रक्कम गोठवता आली, बाकी पैसे त्याच्या आधीच पुढे काढून घेतले होते. तिथल्या ताई म्हणाल्या, पैसे गेल्याबरोबर पहिल्या तासा-दोन तासांत फोन आला असता तर पुष्कळ वाचलं असतं. आमचा शेवटचा हप्ता २२ एप्रिलचा. तो माणूस ग्रुपमधून निघून गेला, नंबर बंद. टोप्या घेतलेल्या आम्हा चौघांचे मिळून दीड लाखाच्या वर गेले.

तुम्ही कुणाचेही चाहते असा, क्रिकेटचे, गाण्याचे, कुस्तीचे. तुमचा माणूस गेल्यावर किंवा त्याची पुण्यतिथी जवळ आली की असे लोक येतात. ते आधी पैसे मागत नाहीत, आधी तुमच्याबरोबर रडतात. वस्तू विकत घेणार असाल तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला गाठा आणि दोन्ही वस्तू एकत्र बघा. कस्टमचे पैसे कुणा पुतण्याच्या खात्यात भरायचे नसतात, त्याची सरकारी पावती असते. खात्याचं नाव बदललं की तिथेच थांबा. आणि शंका आली की त्याच मिनिटाला १९३० लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

यंदाच्या एक मेला आम्ही पुन्हा जमलो. लातूरचे काका आले नाहीत. त्यांनी ते पैसे सोयाबीनच्या पट्टीतून दिले होते आणि घरी अजून सांगितलेलं नाही. फोन केला तर म्हणाले, "मला आता त्या फोटोपुढं उभं राहवत नाही बघा." आम्ही त्यांची खुर्ची रिकामी ठेवून पाच सत्तेचाळीसला उभे राहिलो. त्यांच्या टोपीचं ट्रेसिंग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. पुढच्या रविवारी ते घेऊन मी लातूरला जाणार आहे. घरच्यांना सांगताना त्यांच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं.