तीन अस्वलं आणि तिन्हींवर एकच डाग

नागपुरात प्रदर्शनांचा हंगाम सुरू झालाय, म्हणून हे आत्ताच लिहून टाकतो.

गेल्या दिवाळीआधी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये घरसजावटीचं प्रदर्शन होतं. एका स्टॉलवर जुन्या ग्रंथांतली प्राण्यांची चित्रं फ्रेम करून मांडली होती. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागची भिंत रिकामीच होती आणि बायकोला अस्वलं पसंत पडली. तीन फ्रेम, घासाघीस करून १८,५०० रुपये. पैसे यूपीआयने, तेही दुकानाच्या नव्हे, कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. सोबत सोनेरी शिक्क्याचं 'ओरिजिनल' असल्याचं प्रमाणपत्र.

माणूस बोलायला तयार होता, हे मान्य करावं लागेल. "हे १७९१ चं लंडनचं कॉपर एन्ग्रेव्हिंग, सर. तुमच्या ताडोबातलंच अस्वल." यातलं अर्धं खरं आहे. जॉर्ज शॉ या इंग्रज अभ्यासकाने १७९१ मध्ये आपल्याकडच्या अस्वलाचं शास्त्रीय वर्णन केलं. लांब नख्या आणि वरचे पुढचे दोन दात नाहीत, हे बघून त्याने त्याला चक्क स्लॉथमध्ये, म्हणजे झाडाला लटकून राहणाऱ्या संथ प्राण्यांत, जमा केलं. दुसरी दोन, ग्रिझली आणि ध्रुवीय अस्वल, ऑड्युबन या प्राणी-पक्ष्यांच्या चित्रकाराच्या, १८४५ ते १८४८ दरम्यान निघालेल्या अमेरिकन ग्रंथातली. फ्रेम मागून तपकिरी टेपने गच्च बंद होती. टेप काढला तर गॅरंटी संपली, असं त्याने दोनदा बजावलं. या धंद्यातली सगळी मेख त्या टेपखाली असते.

खिळा ठोकताना ग्रिझलीची काच तडकली, म्हणून फ्रेम इतवारीतल्या आमच्या नेहमीच्या फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने टेप फाडला, कागद बोटांत धरला आणि म्हणाला, "हे कुठचं जुनं जी भाऊ? असे तर आम्ही रोज छापून राहिलो." मग उरलेल्या दोन्हीही उघडायला लावल्या.

तिन्ही कागद काउंटरवर शेजारी ठेवल्यावर डाग दिसला. उजव्या कोपऱ्यात वर, वाटाण्याएवढा, खालच्या बाजूला शेपूट असलेला तपकिरी डाग. तिन्हींवर त्याच जागी, त्याच आकाराचा. लंडन आणि अमेरिकेत, पन्नासेक वर्षांच्या अंतराने छापलेल्या कागदांना एकच डाग कसा पडेल? जुन्या कागदाचा एकच फोटो पार्श्वभूमीला टाकून वर वेगवेगळी अस्वलं छापली होती. महाल भागात ऑफसेट प्रेस चालवणाऱ्या मित्राने भिंग लावून दाखवलं, तर डागसुद्धा निळ्या, गुलाबी, पिवळ्या ठिपक्यांचा, म्हणजे आजकालच्या छपाईचा. एका चित्रावर ग्रंथालयाचा अंडाकृती शिक्का होता, ज्यावर आम्ही फार खूश होतो. तोही ठिपक्यांचाच.

तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात, म्हणजे कॉपर एन्ग्रेव्हिंगमध्ये, भिंगाखाली असे रंगीत ठिपके नसतात. बहुधा काळ्या शाईच्या सलग रेघा असतात, आणि रंग हाताने भरलेला असल्यामुळे तो कुठे कुठे रेघेबाहेर गेलेला असतो. छापताना पत्रा कागदात दाबला जातो, त्याची चौकट समास कापले नसतील तर चित्राभोवती बोटाला लागते. ऑड्युबनची अस्वलं मात्र मुळात दगडावरून छापलेली, म्हणजे लिथोग्राफ. त्यांना अशी चौकट नसतेच. आमच्या प्रमाणपत्रावर तिन्ही 'कॉपर प्लेट' लिहिलेली होती.

मापातही गोम होती. तिन्ही कागद बरोबर ए-थ्री, २९.७ बाय ४२ सेंटीमीटर. शॉचं पुस्तक याहून बरंच लहान. ऑड्युबनची मोठी आवृत्ती साधारण २२ बाय २८ इंच आणि छोटी साधारण ७ बाय साडेदहा इंच. शिवाय ए-थ्री वगैरे मापं जर्मनीत ठरली १९२२ मध्ये. आणि आपल्याकडच्या अस्वलाच्या चित्राखाली त्याचं शास्त्रीय नाव लिहिलं होतं 'मेलर्सस अर्सिनस, १७९१', जेव्हा मेलर्सस हे नाव आलंच १७९३ मध्ये! इतकं खोटं छापायचं, तर निदान तारखा तरी बघायच्या.

प्रिंट म्हणून चित्रं वाईट नाहीत. अशा ग्रंथांचे स्कॅन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, कॉपीराइट कधीच संपलाय. चांगल्या कागदावर छापून फ्रेम करून कुणी विकत असेल तर विको बापडा, पण रीप्रिंट म्हणून, रीप्रिंटच्या भावात. मित्राच्या हिशेबाने छपाई आणि फ्रेम धरून तिन्ही तीन हजारांत झाली असती.

विक्रेत्याला फोन केला तर आधी "टेप तुम्ही काढलाय", मग "व्हिंटेज माल परत होत नाही", मग ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, पण समोरच्याचा पत्ता द्यावा लागतो. बिलावर ना पत्ता होता, ना जीएसटी क्रमांक. प्रदर्शनाच्या आयोजकांकडे स्टॉलवाल्यांची नोंद असते, ती लेखी मागितली आहे.

मागच्या आठवड्यात मावसबहिणीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. "दादा, घेऊ का रे?" वेगळं नाव, वेगळा नंबर, भाव २२,०००. या वेळी अस्वलांच्या जोडीला वाघही आहे. वर उजव्या कोपऱ्यात शेपटीचा डाग दिसला, तर मागची टेप तिथेच उघडायला लावा.