पैसे घेऊन विकिपीडिया पेज बनवून देणारी अंधेरीची एजन्सी: घेऊ नका, का ते सांगते

नाव लिहीत नाही, उगाच नोटिसा नकोत. अंधेरी वेस्टला ऑफिस आहे, इन्स्टावर ‘सेलिब्रिटी विकिपीडिया पेज, १०० टक्के गॅरंटी’ अशी जाहिरात येते, ती यांचीच नसेल तर यांच्या मावसबहिणीची असेल, धंदा सगळ्यांचा एकच आहे.

आमचे काका गीतकार. नाव सांगितलं तर ओळखणार नाही कोणी, पण ऐंशीच्या दशकात भक्तिगीतांच्या आणि कोळीगीतांच्या ज्या कॅसेट निघायच्या त्यातली बरीच गाणी त्यांची, शिवाय कादंबऱ्या आणि पोरांसाठी पुस्तकं. काका गेले तसं दादाच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या डोक्यात आलं की बाबांचं विकिपीडियावर पान हवं, आणि त्याने परस्पर पॅकेज घेऊन टाकलं. ३५ हजार, वर जीएसटी, मराठी आणि इंग्लिश दोन्ही पानं आणि ‘लाइफटाइम मेंटेनन्स’. मी मराठी विकिपीडियावर अधूनमधून लिहिते हे त्याला माहीत होतं तरी विचारलं नाही, पान उडाल्यावर मात्र लगेच फोन.

आधी जे बरं होतं ते सांगते. त्यांचा एक पोरगा घरी येऊन कॅसेटची कव्हरं, आतले कागद, कात्रणं, दिवाळी अंकांची पानं असं सगळं नीट स्कॅन करून गेला, प्रत्येक फाइलला नाव आणि साल घालून. काकूंनी त्याला थालीपीठ खायला घातलं आणि तो ते खाऊनही गेला. काम एक नंबर.

पण ते स्कॅन लिहिणाऱ्याने उघडूनच बघितले नसावेत! पानावर पहिलंच वाक्य ‘हळव्या मनाचे शब्दप्रभू आणि प्रतिभेचा अखंड झरा’. अहो, हा विश्वकोश आहे, सत्काराचं मानपत्र नाही. जन्म कुठे झाला, नोकरी कुठे केली, पहिलं पुस्तक कोणत्या प्रकाशनाचं, यातलं काही नाही. आणि कहर म्हणजे गाण्यांच्या यादीत तुकोबांचा एक अभंग काकांच्या नावावर. कॅसेटवर काकांची गाणी आणि संतांचे अभंग एकत्र होते, यांनी अख्खी साइड उचलून चिकटवली, शेवटच्या ओळीत ‘तुका म्हणे’ धडधडीत दिसतंय तरी. उलट काकांनी टोपणनावाने लिहिलेली गाणी यादीतून गायब. गीतकारांच्या बाबतीत हे पहिलं तपासायचं असतं. शांता शेळक्यांनी सुद्धा काही गाणी डॉ. वसंत अवसरे या नावाने लिहिलीत, ते माहीत नसेल तर त्यांच्या गाण्यांची यादी अर्धवटच राहणार.

मग कॉपीराइट. चार गाणी पूर्ण छापली होती आणि पुस्तकाच्या मागचा मजकूर जसाच्या तसा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. ‘वडिलांचीच गाणी आहेत, मी परवानगी देतो ना’ असं दादा म्हणाला, पण तसं नसतं, विकिपीडियावर टाकलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो, म्हणजे उद्या कोणीही तो घेऊन पैसे कमावले तरी चालतं, आणि काही गाण्यांचे हक्क मुळात कॅसेट कंपनीला विकलेले. फोटोचंही तेच, हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा असतो, फोटोतल्या माणसाचा नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळीच. पैसे घेऊन लिहिता येतच नाही असं नाहीये. लिहा, पण कोणी पैसे दिले, कोणासाठी लिहिलं हे उघड सांगा, असा नियम विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या, वापराच्या अटींमध्ये २०१४ पासून आहे. यांनी त्याच आठवड्यात उघडलेल्या एका खात्यावरून पान टाकलं, खुलासा शून्य. खातं ब्लॉक झालं, पान डिलीट. दादाला सांगितलं ‘सर्व्हर इश्यू आहे’. नंतर वर ‘पेज प्रोटेक्शन’चे वेगळे पैसे मागितले. हा प्रकार जुनाच आहे, २०१५ मध्ये इंग्लिश विकिपीडियाने अशीच ३८१ खाती एका झटक्यात ब्लॉक केली होती, ते लोक नाकारलेले लेख हेरायचे, पैसे घेऊन ते विकिपीडियावर चढवायचे आणि मग लेख वाचवायचे म्हणून पुन्हा पैसे मागायचे. म्हणून गॅरंटी हा शब्द दिसला की उठून यावं. पान कोणाच्याच मालकीचं नसतं, कोणीही बदलू शकतं, मग गॅरंटी देणारा कोण?

दादाचा अजून एक समज एजन्सीने करून दिलेला, की पान असलं की रॉयल्टी मिळायला सोपं. काही संबंध नाही! २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकारांना गाणं वाजल्याचा वाटा मिळायला लागला, पण तो आयपीआरएसमधून, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेतून, तिथे वारसाला नाव लावून घ्यावं लागतं. त्याचं ऑफिस पण मुंबईतच आहे, ३५ हजारांपेक्षा तिकडे एक चक्कर कामाची.

आता काय करतोय ते थोडक्यात. मी पण घरचीच, म्हणून लेख थेट टाकत नाहीये. धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, कच्चा लिहिलाय, नातं उघड सांगून त्याच्या चर्चा पानावर संदर्भ देणार, बाकी तिथले अनुभवी सदस्य बघतील. काका पानाएवढे उल्लेखनीय ठरतील का, हे मलाही आत्ता सांगता येत नाही, कारण त्यासाठी दुसऱ्यांनी, म्हणजे घरच्यांनी किंवा प्रकाशकाने नाही, त्यांच्याबद्दल नीट लिहिलेलं असायला लागतं. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसून जुन्या अंकांमधली परीक्षणं शोधायचं चाललंय, एका कादंबरीचं बऱ्यापैकी मोठं परीक्षण सापडलं, चांगलंच झोडपलंय त्यात. दादा म्हणतो हे नको घालू. मी घालणार, कारण आत्तापर्यंत मिळालेला सगळ्यात भक्कम संदर्भ तोच आहे.

एजन्सीला एक स्टार, तो त्या स्कॅनवाल्या पोराचा. रिफंडचं विचारलं तर म्हणे कंटेंट डिलिव्हर झालाय, पान टिकणं आमच्या हातात नाही. गॅरंटीवाल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आहे आमच्याकडे, ग्राहक तक्रार टाकतोय.